ब्रह्मकमळाची बातमी छापा, पण त्यातलं ‘दुर्मिळ’ तेवढं काढा

मा. संपादक साहेब,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरला शहराच्या पानावर फोटोसकट बातमी होती, ‘दुर्मिळ ब्रह्मकमळ फुलले, पाहण्यासाठी गर्दी’, आणि खाली लिहिलेलं की हे हिमालयातलं फूल आहे आणि बारा वर्षांतनं एकदाच उमलतं. ज्या रात्री तो फोटो काढला असणार त्याच रात्री आमच्या गल्लीत चार घरांत ब्रह्मकमळ फुललेलं, आमच्या टेरेसवर नऊ फुलं होती आणि समोरच्या काकूंनी तर मोजायचंच सोडून दिलेलं. मागच्या वर्षी पण हीच बातमी होती. त्याच्या मागच्या वर्षी पण. पावसाळा लागला की दर पंधरा दिवसाला कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत जे उमलतंय ते दुर्मिळ म्हणायचं असेल तर मग रंकाळ्यावरची भेळ पण दुर्मिळच म्हणायला पाहिजे.

राग मानू नका. मी काय प्राध्यापक नाही, शिक्षण आयटीआय, उद्यमनगरात लेथवर काम करतोय. पण हे झाड आमच्या घरी वीस-पंचवीस वर्षं आहे (मधी एकदा मेलं, ते पुढं सांगतो) आणि त्याच्यापायी मी जेवढ्या रात्री जागलोय तेवढ्या गणपतीत पण जागलो नसेन. बातमी बंद करा असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट छापाच, लोकांना आनंद होतो. फक्त जे आहे ते छापा, कारण जे आहे ते पण काय कमी भारी नाही.

मला स्वतःला हे कळलं ते भाच्यामुळं. तो बीएस्सीला बॉटनी घेऊन शिकत होता, राखी पौर्णिमेच्या आसपास घरी आला, आई कौतुकानं त्याला कळ्या दाखवायला लागली तर हा म्हणतो, ‘आज्जी, हे कॅक्टस आहे.’ आईनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं अंबाबाईला काहीतरी वंगाळ बोललंय. मला पण पटलं नाही, कॅक्टसला काटे असतात, ह्याला कुठायत काटे, उगंच दोन पुस्तकं वाचून आलाय. मग त्यानं समजावून सांगितलं आणि मी नंतर स्वतः पण बरंच वाचलं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, निवडुंगाच्या कुळातलं झाड, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलातलं. तिथं ते जमिनीत नाही तर मोठ्या झाडांच्या बेचक्यात, साचलेल्या पालापाचोळ्यावर वाढतं, आपल्याकडं आंब्यावर आमरी वाढते तसं. वाळवंटातलं नाही म्हणून काटे नाहीत, पण अंगात पाणी साठवून ठेवायची सवय तीच, म्हणून सक्युलंट. दिवसा तोंड मिटून गप बसतं आणि रात्री गारव्याला हवा आत घेतं, म्हणजे पाणी वाया जात नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आपण ज्याला पान म्हणतो ते पानच नाही. ते चपटं झालेलं खोड आहे. ‘पानातनं फूल येतं, हा चमत्कार’ असं दरवर्षी व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, तो चमत्कार नाही, खोडाला फूल आलंय, जसं यायला पाहिजे तसंच. अर्थात फसलेले आपण एकटेच नाही, शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या एपिफायलम ह्या नावाचा अर्थ पण ‘पानावरचं’ असाच निघतो. (मी पण पुढं पानच म्हणणार आहे, तोंडात तेच बसलंय.)

आता हिमालयाचं. खरं ब्रह्मकमळ वेगळं आहे, त्याचं शास्त्रीय नाव सॉसुरिया ओबव्हॅलाटा, उत्तराखंडचं राज्यफूल. ते झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं आणि साधारण ३७०० ते ४६०० मीटर उंचीवर उगवतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे ते फूल इथं कुंडीत यायचा प्रश्नच नाही, आलं तरी आठवड्यात मान टाकंल. केदारनाथ-बद्रीनाथला ते देवाला वाहतात. आणि उलट्या बाजूनं बघितलं तर निवडुंगाचं हे खानदान, एखाददुसरा अपवाद सोडला तर, अख्खं अमेरिकेतलं. कोलंबस १४९२ ला तिकडं पोचला, त्याच्या आधी ह्या झाडाचं एक पान पण आपल्याकडं येणं शक्य नव्हतं, मग पुराणातल्या ब्रह्मदेवाच्या हातात हे फूल कुठनं आलं?

हे दोन्ही वेगळे आहेत हे मी वाचलेलं होतं पण डोळ्यानं बघितलं ते एका मित्राच्या घरी. त्याचे आईवडील चारधाम करून आले, येताना केदारनाथचा प्रसाद म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी वाळलेलं आणलेलं, पिवळट पांढरं, कांद्याच्या सालीसारखं पातळ, एकात एक गुंडाळलेलं आणि आत मधोमध काळपट जांभळा गोळा. तिकडच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की हे ब्रह्मकमळ. वहिनी म्हणाल्या, ‘मामंजींना कुणीतरी कोबी दिलाय बघा.’ आणि त्याच घराच्या गॅलरीत आपलं हे मेक्सिकोवालं झाड होतं, त्याला हळदीकुंकू वाहिलेलं. मी काही बोललो नाही, पण खरं ब्रह्मकमळ घरात येऊन सुद्धा कुणी ओळखलं नाही ह्याला आपल्या बातम्या थोड्या जबाबदार आहेत असं मला वाटतं. तिकडं ते फूल खुडून खुडून कमी होतंय म्हणून लोक काळजीत आहेत, आणि इकडं आपण म्हणतोय हे तर आमच्या गॅलरीत फुलतंय. मग त्याची काळजी कोण करणार?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं नाराज होईल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘नाव कुणी काय बी ठेवंना. आपल्या घरी आलंय न्हवं?’ विषय संपला.

मला वाटतं तिचंच बरोबर आहे. परदेशी म्हटलं की आपल्याला काहीतरी कमीपणा वाटतो, पण साहेब, तांबड्या रश्श्यातली मिरची कुठली आहे? मेक्सिकोच्या अंगाचीच. पोर्तुगीज घेऊन आले. मिसळीतला बटाटा, टोमॅटो, चटणीतला शेंगदाणा, सगळी तिकडचीच मंडळी. मिरचीशिवाय कोल्हापूर म्हणून कुणी सांगावं बघू. एवढी मिरची आपण आपली केली आणि तिला कुणी हिमालयातली म्हणत नाही, तरी तिचा मान कुठं कमी झालाय? मग त्याच मुलखातनं आलेल्या ह्या झाडाला खोटं आधार कार्ड कशाला पाहिजे?

झाड लावायचं म्हणाल तर अवघड काहीच नाही, म्हणूनच दुर्मिळ म्हटलं की हसू येतं. एक जून झालेलं पान कापायचं, लगेच मातीत खुपसायचं नाही, चार-पाच दिवस सावलीत ठेवून कापलेली कड वाळू द्यायची, मग उभं लावायचं, जी बाजू खाली होती ती खालीच. माती भुसभुशीत पाहिजे. मी लाल माती, कोकोपीट, थोडं कुजलेलं शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे घालतो, पाणी वरून घातलं की खालनं लगेच आलं पाहिजे. आपल्याकडची काळी माती नुसती घातली तर मुळं गुदमरतात. ऊन सकाळचं कोवळं. दुपारचं ऊन लागलं की पानं पिवळी, तांबूस पडतात. लोक एक चूक हमखास करतात, देवाचं झाड म्हणून मोठ्यात मोठी कुंडी, भरपूर खत आणि रोज तांब्याभर पाणी. अशानं पानं सुटतात हातभर आणि फूल एक येत नाही. कुंडीत थोडी अडचणच बरी. आणि मधनंच गोल काठीसारखा लांबच्या लांब दांडा सुटतो तो बघून लोक ‘हे काहीतरी जंगली फुटलंय’ म्हणून छाटून टाकतात, तो छाटू नका, त्यालाच पुढं पानं येतात. पांढरा कापसासारखा मिलीबग दिसला की कडुनिंबाच्या तेलाचं पाणी मारायचं. बास. दोन-तीन वर्षं वाट बघायची. बारा नाही. आणि एकदा सुरू झालं की एका पावसाळ्यात दोन-तीन वेळा बहर येतो.

कळी येते ती पानाच्या कडेला जी खाच असते तिथं, पहिल्यांदा मोहरीएवढा लालसर ठिपका. त्यातले बरेच गळतात, मनाला लावून घ्यायचं नाही. जे टिकतात ते तीन-चार आठवडे वाढत जातात. आधी कळी खाली लोंबकळते, मग शेवटच्या काही दिवसात तिचा दांडा वळतो आणि तोंड वर येतं. अगदी सांगायचं तर बेसिनखाली पाइप कसा वळलेला असतो, तसाच. ते वळण आलं की आई म्हणते ‘मान उचलली’, म्हणजे आता सुट्टी टाकायची नाही, पण दुसऱ्या दिवशी कामाला उशीर होणार हे धरून चालायचं.

उमलतं त्या संध्याकाळी कळी फुगते, टोकाला बारीक भोक पडतं. साधारण आठ-साडेआठ. बाहेरचे गुलाबी-तपकिरी अरुंद पट्टे आधी मागं वळतात आणि मग आतल्या पांढऱ्या पाकळ्या सुटायला लागतात. लक्ष देऊन बघितलं तर हलताना दिसतं, खरंच, एखादी पाकळी अडकलेली असते आणि मग टचकन सुटते आणि सगळं फूल थरथरतं. मी एकदा कारखान्यातली स्टीलची पट्टी आणून मोजलं, देठापासून टोकापर्यंत २७ सेंटिमीटर भरलं आणि तोंड वीतभर रुंद. आत शेकड्यानं पांढरे केसर आणि त्यांच्यातनं पुढं आलेला एक पांढरा चांदणीसारखा भाग, त्याला पंधरा-सोळा बोटं. लोक म्हणतात आत ब्रह्मदेव बसलाय, कुणाला शेषनाग दिसतो, आमच्या शेजारच्या पोराला ऑक्टोपस दिसला. शास्त्रात ती चांदणी म्हणजे फुलाचा मादी भाग, परागकण तिच्यावर पडायचे असतात. वास दहानंतर सुटतो. काय म्हणायचं त्या वासाला, गोड आहे पण मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही, जिन्यात आलं की कळतं वर उमललंय.

पांढरा रंग आणि रात्रीचा वास हे सगळं खरं तर आपल्यासाठी नाही. अंधारात फिरणाऱ्या मोठ्या पतंगांना बोलवायची ती सोय आहे, तिकडच्या जंगलातल्या. आमच्या टेरेसवर एकदा एक करडा मोठा पतंग आलेला, भिरभिरत फुलापुढं थांबला, आम्ही सगळे श्वास धरून, आणि गेला. पण फळ काय धरलं नाही. आमच्याकडं आजपर्यंत कधीच धरलेलं नाही. ह्या झाडाला सहसा स्वतःचे पराग चालत नाहीत, आणि आपल्याकडची झाडं सगळी एकमेकांच्या पानापासनं केलेली, म्हणजे समोरच्या काकूंचं झाड आणि आमचं झाड ही दोन झाडं नाहीतच, एकच झाड दोन कुंड्यांत. बी नाही, मग हे पसरलं कसं? कुणीतरी कुणालातरी पान दिलं म्हणून. एवढ्या सगळ्या गॅलऱ्यांत ते माणसांच्या हातनंच पोचलंय.

त्या रात्री आमच्याकडं सणच असतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरनं समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध आणायचं, ते आटवून त्यात वेलदोडा, जायफळ, आणि येईल त्याला कप. गल्लीतले येतात, त्यांचे पाहुणे येतात, मागच्या वर्षी एक रिक्षावाला भाडं सोडून परत जाताना वर गर्दी बघून चढला आणि तासभर बसला. आई निरांजन ओवाळते. तोडू कुणालाच देत नाही. ‘तुम्ही झोपा, मी जागतो’ असं म्हणते (आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी चूक काढू नये) आणि खुर्ची टाकून पहाटेपर्यंत बसते. तिचं त्या फुलाला एकच नाव आहे, पावणं. ‘पावणं रात्री आलं, सकाळी गेलं, जेवून तरी जायचं.’ सकाळी सहाला बघितलं की फूल मान मुरगळलेल्या कोंबडीसारखं लोंबत असतं, देवाचं फूल म्हणून जपून बोलतोय पण दुसरी उपमा सुचत नाही.

आता मधी मेलं ते सांगतो. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही आईला आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन कळंब्याला बहिणीकडं गेलो, तेव्हा झाड खाली परसात होतं, त्या कुंडीला आठ कळ्या होत्या हे आई तिकडं गेल्यावर म्हणाली. पाणी ओसरल्यावर परत आलो तर परसात गुडघाभर गाळ, कुंडी उपसून काढली आणि पानं शिजवलेल्या घेवड्यासारखी झालेली, हातात धरली की सुटत होती. अंगात पाणी साठवणारं झाड पाण्यानंच मेलं. घरातलं एवढं गेलेलं, फ्रिज, गाद्या, धान्य, त्यात कुंडीचं कोण रडणार, पण आईनं ती रिकामी कुंडी धुवून पालथी घातली ती कुणाला हात लावू दिली नाही.

त्या दिवाळीला मी एका नर्सरीतनं तिच्यासाठी झाड आणलं. चिठ्ठी होती, ‘हिमालयन ब्रह्मकमळ, ओरिजिनल’, ४५० रुपये. चकचकीत कुंडी, दोन पानं. दोन महिन्यांत बुडापासनं कुजलं. उपटून बघतोय तर कुंडीला खाली भोकच नाही. सांगायला गेलो तर म्हणतात, ‘देवाचं झाड आहे साहेब, घरात काहीतरी पाळलं नसणार तुम्ही.’ म्हणजे कुंडी त्यांनी बिनभोकाची विकायची आणि पाप आमच्या माथी! ह्या ‘दुर्मिळ’, ‘दैवी’ शब्दांचा धंद्याला असा उपयोग होतो बघा, पान फुकट मिळणाऱ्या झाडाला साडेचारशे रुपये, आणि वर वॉरंटी मागायची सोय नाही.

मग २०२० च्या फेब्रुवारीत, लॉकडाऊनच्या जरा आधी, आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी आली. लग्न होऊन गडहिंग्लजला दिलेली, तिच्या लग्नात आईनं तिच्या बॅगेत ओल्या फडक्यात गुंडाळून एक पान घातलेलं, ते आई विसरून पण गेलेली. तिला कुणाकडनं तरी कळलं की पुरात झाड गेलं. तिनं तीन पानं आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून (तुमचाच पेपर होता, खोटं सांगत नाही). आईनं ती पालथी कुंडी उलटी केली. ह्या वेळी टेरेसवर ठेवली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, आम्ही परत कळंब्याला, झाड वर एकटंच राहिलं आणि काही झालं नाही त्याला. २०२२ च्या जूनमध्ये पहिली कळी. एकच टिकली, आणि आम्ही सव्वीस माणसं ती एक कळी बघायला.

ह्या झाडाबद्दल लोक काय काय मानतात, उमलताना इच्छा मागितली की पुरी होते, फुललं की घरात लक्ष्मी येते, ज्याला दिसतं तो नशीबवान. मानणाऱ्यानं मानावं. त्यातली एकच समजूत मला खरंच पटलेली आहे, की हे झाड विकत आणायचं नसतं, मागून आणायचं असतं. माझ्या साडेचारशे रुपयांनी ती सिद्ध पण करून दाखवलीय.

आणि अर्थ लावायचेत तर जगात बाकीच्यांनी पण लावलेत, ते वाचायला मिळाले तर मजा येईल. चिनी भाषेत तर ह्या फुलावरनं एक म्हणच आहे, क्षणभर झळकून गायब होणाऱ्या माणसाला किंवा प्रसिद्धीला ते ‘तानहुआ एकदा दिसला’ असं म्हणतात. जपानमध्ये ‘गेक्का बिजिन’, चांदण्यातली सुंदरी. केरळात निशागंधी, तिरुवनंतपुरमला ह्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, तिथं नाचगाण्याचा महोत्सव होतो. कुणाला त्यात नाशवंतपणा दिसला, कुणाला बाई दिसली, कुणाला वास. आमच्या आईला पाहुणा दिसला. हे सगळं एका मेक्सिकोच्या बिनकाट्याच्या निवडुंगात. ही बातमी नाही का?

आता दुर्मिळच छापायचं असेल तर दुसरी एक विनंती आहे. आपल्या महाराष्ट्राचं स्वतःचं फुलणारं सक्युलंट आहे, शिंदळ माकुडी. किती जणांनी ऐकलंय? भाच्यानं सांगेपर्यंत मी पण नाही. फ्रेरिया इंडिका असं तिचं शास्त्रीय नाव, इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रेअरच्या नावावरनं ठेवलेलं. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर, खडकाच्या फटीत वाढते, शिवनेरीवर आहे, आणि महाराष्ट्राच्या बाहेर जगात कुठंच नाही. मांसल दांडे, उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या काड्या, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात रुपयाएवढं गर्द तांबडं फूल, त्यावर पिवळे ठिपके. ज्या किल्ल्यावर महाराज जन्मले त्याच्या कड्यावर ही फुलते आणि आपल्याला नाव माहीत नाही, आणि मेक्सिकोच्या पाहुण्याला मात्र आपण दरवर्षी दुर्मिळ म्हणून चार कॉलम देतो. आपल्याच शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात सह्याद्रीतल्या दुर्मिळ झाडांवर, कंदीलपुष्पांवर वगैरे बरंच काम झालंय, बागेत जपलेली पण आहेत, तिथं एखादा वार्ताहर पाठवला तर महिनाभर पुरतील एवढ्या बातम्या मिळतील. फक्त एक करा, नेमकी जागा छापू नका, कुठल्या कड्यावर कुठल्या वळणाला वगैरे. नाहीतर रविवारी गाड्या भरून लोक जातील आणि सेल्फी काढून उपटून आणतील, आपले लोक तुम्हाला माहीत आहेत.

पत्र लांबलं, कापायचं असेल तर नर्सरीचं कापा, दूध कट्ट्याचं ठेवा.

आणि फोटोग्राफर पाठवणार असाल तर आज सोमवार, आमच्याकडं सात कळ्यांनी मान उचललीय, आईच्या हिशेबानं बुधवारी रात्री, माझ्या हिशेबानं गुरुवारी, आणि पैज लावायची तर मी आईच्या बाजूनं लावीन. साडेआठच्या आत या, जिना अंधारा आहे, डोकं सांभाळून, आणि फ्लॅश मारलात तर आई ओरडेल. येताना जुना पेपर आणा बरोबर, पान गुंडाळून न्यायला.

आपला एक वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर